जावळात मिळालेल्या मादीचा वंश

तपकिरी अल्पाका व्याली त्याच दुपारी गारा कोसळल्या. हासिंताने मायलेकरांना दगडी खोपीत घेतलं आणि दार लावून घेतलं. पिल्लू तगलं. आईने मात्र तेव्हापासून, चार दिवस झाले, गवताला तोंड लावलं नव्हतं. अशा उपाशी मादीच्या अंगातली चरबी यकृतात उतरते. कापल्यावर ते पिवळं, तेलकट निघतं, हे डोंगरावर सगळ्यांनी पाहिलेलं होतं. दूधही आटत चाललं होतं.

हासिंताचा नवरा खाणीवर होता. थोरला दीर सिप्रियानो सुरी घेऊनच आला.

"अजून अंगावर मांस आहे. उद्या नुसतं कातडं उरेल. आजच कापू, वाळत घालू."

"नाही, भाऊजी."

"अगं, मरायला टेकलीय ती!"

"हिची पणजी मला माझ्या जावळात मिळाली. धर्मपित्याने पहिली बट कापली आणि मादी माझ्या नावाची केली. हा वंश माझा. तुमच्या घराचा नाही."

"वंश कसला! तूच कोंडून घातलीस तिला."

हे खरं होतं. हासिंताला ते झोंबलं. तिने मादीकडे पाहिलं. समोर हिरवं गवत पडलं होतं; मादी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीपलीकडे, खालच्या पाणथळ कुरणात कळप हुंकारत होता.

हासिंताने दार सताड उघडलं.

"वेडी आहेस का? वाऱ्यात पिल्लू काकडून मरेल!"

तिने खांद्यावरची चादर काढून पिल्लाच्या पोटाभोवती करकचून बांधली. मादी चार पावलं टाकून उतारावर बसली ती बसलीच. सिप्रियानो मोठ्याने हसला. "जा आता, पाठीवर घेऊन जा!"

"ती जात नाही ना? मग कळप येईल."

हासिंता धावत खाली गेली. चरणारी जनावरं वर हाकलणं सोपं नव्हतं. शिट्ट्या, शिव्या, भिरकावलेले खडे. निम्म्या अल्पाका परत फिरल्या, दोघी तिच्यावर थुंकल्या. शेवटी म्हातारी पांढरी वर चढली आणि बाकीच्या तिच्यामागे आल्या. मादीभोवती त्यांनी वाळकं गवत खुडायला सुरुवात केली.

मादीने मान उचलली. शेजारणीच्या तोंडापुढचा एक घास ओढला. मग दुसरा. बऱ्याच वेळाने ती पाय झाडत उठली, तसं पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं. हासिंताने आंचळ पिळून पाहिलं. बोटं ओली झाली.

"दोन घासांनी काय होतंय?" सिप्रियानो म्हणाला. "रात्रीत मेली तर कुत्रीसुद्धा खाणार नाहीत."

"मेली तर माझी मरेल. तिला हात लावायचा नाही."

तो जागचा हलेना. हासिंता त्याच्याकडे पाठ करून मादीजवळ बसली.

"भूक लागली असेल तर चुलीवर बटाट्याचं कालवण आहे," ती म्हणाली. "मांस मिळणार नाही."