ओतून टाकलेली कॉफी

दुगैमच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र तरी केवढं, चार ओळींचं. 'सुखरूप पोचलो. दिलेले खजूर उन्हात ठेवू नका. ज्या कामासाठी आलो होतो, त्याचं अल्ला बघून घेईल. वहिनींना सलाम.' रागाचा एक शब्द नाही. रागावला असता तर लिहिणं सोपं गेलं असतं.

दुगैम माझा चुलतभाऊ. तो गावाहून हाइल शहरात आमच्याकडे आला, तेव्हा माझी बायको नुवैर लेकीकडे गेली होती. घरात कॉफी एरवी तीच करते. जाताना थर्मास भरून गेली होती. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला थर्मासमधली कशी द्यायची? म्हणून जन्मभर शाळेची पुस्तकं सांभाळलेला मी, बैठकीतल्या चुलीपुढे बसलो.

आमच्याकडे कॉफीच्या बिया फिक्या भाजतात, गव्हाच्या रंगावर. लांब दांड्याच्या कढल्यात मी त्या हलवत होतो. आता उतरवू की मग, या विचारात त्या काळवंडल्या.

"अबू मिशअल, भाजतोयस की जाळतोयस?" दुगैम तक्क्याला टेकून बघत होता.

"बोलू नकोस रे, हात चुकतो."

"तुझा हात पानं उलटायला बरा."

बिया खलात कुटल्या, उकळल्या, गाळ खाली बसू दिला, मग वरची निवळ कॉफी वेलदोड्यांवर ओतली. करपट वास झाकायला लवंगा जास्तच टाकल्या. रीतीप्रमाणे पहिला घोट मी घेतला. कडूजहर. तरी त्याच्या कपात थोडीशी ओतून दिली.

त्याने कप घेतला, ओठाला न लावता सतरंजीवर ठेवला आणि मान खाली घातली.

आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल, पाहुण्याने कप असा ठेवला म्हणजे त्याला काही मागायचं असतं. यजमानाने म्हणायचं, "पी, काम झालं समज." दुगैम काय मागणार, हेही मला कळायला हवं होतं. त्याचा मुलगा फर्राज इथेच, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. भांडून घर सोडल्यापासून बापाशी बोललेला नाही. शाळेच्या ग्रंथालयात तो माझ्या हाताखाली काम करायचा. माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

पण माझ्या डोक्यात त्या करपलेल्या बिया. वाटलं, बिचाऱ्याला वासानेच नको झाली.

"थांब, थांब, चांगली देतो," म्हणत मी कप उचलला आणि राखेत ओतला.

मागणाऱ्याची कॉफी ओतून टाकणं म्हणजे तोंडावर 'नाही' म्हणणं. थर्मास घेऊन वळलो, तर दुगैम दाराशी चपला घालत होता. "निघतो. उशीर झालाय." तेव्हा मला उमगलं. त्याच क्षणी बोलायचं होतं. मी मनात वाक्य जुळवत राहिलो आणि त्याची गाडी निघून गेली.

पत्र आल्यावर मी रोज कागद घेऊन बसायचो. 'प्रिय भाऊ' लिहायचो आणि फाडायचो. शेवटी नुवैर वैतागली.

"काय लिहिताय एवढं?"

"की चुकून ओतली. मला वाटलं, कॉफी बिघडलीय."

"तुम्ही हो म्हटलं असतंत, तर त्याने विषसुद्धा प्यायलं असतं! त्याला खुलासा काय करायचाय? त्याचं काम करा. मागची गल्ली काही मक्केला नाही."

तिने माझ्या चपला दाराशी आणून ठेवल्या. गेलो.

फर्राजने स्वतः कॉफी ओतली. मी कप घेतला, खाली ठेवला.

"काय काका, बिघडलीय का?" तो हसला. "ओतून टाकू?"

म्हणजे बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. माझे कान तापले.

"टाक. मग मीही चपला घालतो."

त्याचं हसू मावळलं. "बाबांनी पाठवलंय?"

"त्याला मी बोलू दिलं कुठे? चपलेचा पट्टा लावायला तो दोनदा वाकला, फर्राज. भिंतीला धरून. आणि मी थर्मास घेऊन बघत उभा."

तो बराच वेळ कॉफीच्या भांड्याची चोच फडक्याने पुसत राहिला.

"शिव्या देतील."

"देईल."

"तुम्ही बरोबर याल?"

"येईन. मलाही खायच्यात."

"प्या मग. गार होतेय."

"आधी सांग—"

"काम झालं समजा, काका! प्या."

घरी येऊन लिहिलं. 'दुगैम, तुझा कप मी ओतला. बिया करपल्या याची लाज वाटत होती, त्या लाजेत तू दिसलाच नाहीस. याची माफी तोंडाने मागेन. गुरुवारी फर्राजला घेऊन येतो. कॉफी तू कर.'

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं, टपालकचेरीपर्यंत चालत गेलो आणि पेटीत टाकलं.