कुठवर पोचवायचं

गॅरेटला एखादं गाव द्यायचं की ओहायोला परत धाडायचं, हे शनिवारी ठरणार होतं आणि ते आमच्या गावचे मुखिया थावाले ठरवणार होते. परदेशी स्वयंसेवकांना आमची भाषा आणि रीतभात शिकवायचं काम मी नऊ वर्षं करतो आहे. सतरा जण माझ्या हाताखालून गेले, एकही परत गेला नाही. अठरावाही जाणार नाही याची मला खात्री होती. गॅरेटला ती माझ्याहून जास्त होती. काळजी करण्याचं काम माझ्या नाम्बेवेताईकडे होतं, कारण तो तिच्या घरी राहत होता.

नियम साधा आहे. दहा आठवडे संपले की संस्थेचा अधिकारी येतो आणि मुखियाला एकच प्रश्न विचारतो, ‘याला गावात एकटं ठेवता येईल का?’ हो म्हटलं तर दोन वर्षं मलावीत. नाही म्हटलं तर विमानाचं तिकीट.

तो आम्हाला झाडं लावायला शिकवायला आला होता. आमचं गाव डोंगरातलं. झाडं तिथे आमच्या पणजोबांच्याही आधीपासून आहेत, पण त्याचा हिरमोड नको म्हणून आम्ही तसं बोललो नाही. बाकी पोरगा गुणी. पहिल्या आठवड्यात न्सिमा, म्हणजे आमची मक्याच्या पिठाची घट्ट उकड, काट्याने खात होता. चौथ्यात उजव्या हाताने गोळा वळून, सुक्या मासळीच्या डोक्यांसकट ताट साफ करायला लागला. दिवसातून दोनदा बादलीभर कढत पाण्याने आंघोळ करायचा, कारण तशी न करणारा माणूस ताईच्या मते आजारी तरी असतो किंवा पलीकडच्या गावचा. एकदा तो डोक्यावर बादली घेऊन पंपावरून निघाला, तेव्हा बायकांनी त्याला मानाने पुढे जाऊ दिलं. मागून नीट बघता येतं म्हणून.

घोटाळा झाला तो पाहुणचारात. मुखिया तीनदा ताईकडे येऊन गेले. तिन्ही वेळा ते उठल्यावर गॅरेट ताडकन उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून हस्तांदोलन केलं, स्वच्छ उच्चारात ‘पुन्हा या’ म्हणाला, घड्याळात पाहिलं आणि ओट्यावर परत बसला. तिसऱ्या खेपेला म्हातारा अंगणात बराच वेळ घुटमळला. टोपी सारखी केली. कोंबड्यांची चौकशी केली. मग एकटाच निघून गेला.

बुधवारी ताई मक्याचं कणीस हातात घेऊनच माझ्याकडे आली.

“वायसन, तुझा विद्यार्थी मुखियाला हाकलतो.”

“हाकलतो म्हणजे?”

“तीनदा! दारातून! पाहुण्याला चार पावलं पोचवायला गेलं नाही तर त्याने काय समजायचं? काल म्हातारा पंपावर सगळ्यांसमोर म्हणाला, नाम्बेवेने विलायती कुत्रा पाळलाय. भुंकत नाही, नुसतं ‘पुन्हा या’ म्हणतो.”

मी गॅरेटला गाठलं.

“पण गुरुजी, त्यांना रस्ता माहीत आहे. ते इथेच राहतात.”

“रस्त्याचा प्रश्न नाही. तुला ते आवडतात की नाही?”

“आवडतात.”

“मग सोबत चाल.”

“किती?”

“ते ‘आता माघारी फिर’ म्हणेपर्यंत.”

त्याने ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. शिकवण्यावर आपली चांगलीच पकड आहे, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी मी स्वतः जाऊन मुखियांना बोलावून आणलं. ते आले, चटईवर बसले, भाजलेल्या शेंगा खाल्ल्या आणि काठी टेकत उठले. गॅरेट मागे निघाला. ताईचं घर आणि मुखियांचं घर यांच्या बरोबर मध्ये काचेरेचं मोठं झाड आहे. तिथे पाहुण्याने थांबावं, ‘आता माघारी फिरा’ म्हणावं, की संपलं. मुखिया तिथे थांबले, झाडाकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे चालू लागले. तीन भेटींचं उट्टं त्यांना एकाच फेरीत काढायचं होतं.

गॅरेट थेट त्यांच्या अंगणात पोचला. आणि अंगणात पोचला म्हणजे तोच पाहुणा झाला. मुखियांच्या बायकोने चटई पसरली, थोब्वाचा, म्हणजे मक्याच्या गोड आंबिलीचा, पेला हातात दिला. पेला संपवून तो उठला, तेव्हा मुखियांना त्याला पोचवायला उठावंच लागलं. ज्या चुकीवरून सगळं गाव हसत होतं, ती मुखियाने स्वतः कशी करायची?

पुन्हा काचेरे. आता ‘माघारी फिरा’ म्हणायची पाळी गॅरेटची होती. पण पाहुण्याने काय म्हणायचं, हा अर्धा धडा मी शिकवलाच नव्हता. ते शब्द वडीलधाऱ्यांनीच उच्चारायचे, अशी त्याची समजूत. तो अदबीने चालत राहिला. दोघं ताईच्या अंगणात हजर. चटई. शेंगा.

दुसऱ्या फेरीला लोक मका सोलायचा सोडून, शेंगा घेऊन काचेरेखाली येऊन बसले. सावली चांगली होती आणि दोन्ही बाजूंचं दिसत होतं.

“तोंड उघड ना!” ताईने मला कोपराने ढोसलं. “सांग त्याला!”

“मी सांगितलं तर मुखिया म्हणतील, गुरुजींनी पढवलंय. मग शनिवारी नाही म्हणतील.”

“आणि असंच चालू राहिलं तर शनिवारपर्यंत म्हातारा शिल्लक राहील का?”

तिसऱ्या फेरीत मुखियांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला. दम घ्यायला ते थांबत आणि दम घेतोय हे दिसू नये म्हणून प्रश्न विचारत.

“तुमच्याकडे थंडी असते?”

“असते, आजोबा. बर्फ पडतो.”

“बायको आहे?”

“नाही.”

“सगळ्यांना असंच दारातून सोडतोस, मग कुठून असणार? आई?”

“आहे. तिचाही गुडघा दुखतो. तुमचा डावा का?”

“गुडघा माझा आहे. तू तुझं चाल.”

मुखियांच्या घरी तिसरा पेला पिऊन ते परत निघाले. मुखिया मागे, गॅरेट पुढे. काचेरेखाली तो थांबला. पंचवीसेक माणसं शेंगा सोलायची थांबली. त्याने आधी वहीचा खिसा चाचपला, मग हात बाहेर काढला.

“आजोबा, आता माघारी फिरा. इथवर आलात, पुष्कळ झालं.”

मुखियांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “का? कंटाळलास?”

“नाही. तुम्ही घरापर्यंत आलात तर मला पुन्हा तुम्हाला पोचवायला यावं लागेल. मी येईन. पण तुमचा गुडघा येणार नाही.”

आधी ताई हसली, मग सगळं झाड हसलं. मुखियांनी कोण कोण हसतंय ते एकदा पाहून घेतलं, मग स्वतः हसले आणि माघारी फिरले. जरा घाईनेच.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातलेला अधिकारी आला. त्याने कागद काढला, प्रश्न वाचला. मुखियांनी तो पुन्हा वाचायला लावला, मग तिसऱ्यांदा. लगेच उत्तर दिलं तर अधिकारी लगेच जातो. ताईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. गॅरेट घड्याळाकडे पाहत नव्हता, ते मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

“ठेवा,” मुखिया म्हणाले. “कुठेही ठेवा. फक्त तिथल्या मुखियाचे गुडघे आधी बघून घ्या.”

कागदावर गुडघ्यांसाठी जागा नव्हती. अधिकाऱ्याने ‘हो’समोर खूण केली.

दुपारी गॅरेटला नव्या गावाला नेणारी गाडी निघाली. आम्ही सगळे सोबत चालत होतो, म्हणून गाडी शेळीच्या चालीने चालली होती आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. गॅरेट मागे बसला होता. पुढच्या सीटवर काच खाली करून मुखिया बसले होते; गुडघा दुखत असताना पोचवायची त्यांची ही नवी पद्धत. काचेरे आलं आणि मागे पडलं. मी खिडकीशी गेलो.

“अरे, आता म्हण ना माघारी फिरा. आजोबांना कुठवर नेतोस?”

“म्हणतो, गुरुजी. घाई काय आहे?”

पुढच्या सीटवर मुखियांनी आरामात पाठ टेकली. गाडी चढाला लागली, तशी आमची चाल कमी पडायला लागली.

ताई कमरेवर हात ठेवून रस्त्यात थांबली. “झालं,” ती म्हणाली. “आता दोघांना आणायला तूच जा. शिकवलंस तूच.”