बाई गप्प, वर्ग चालू

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मुख्याध्यापिका तपासणीचा फॉर्म घेऊन आठवीच्या वर्गात शिरल्या आणि पाचव्या मिनिटाला खेळात बाद झाल्या.

वर्गातली बाकं मुद्दाम वेडीवाकडी लावली होती. डोळ्यांवर रुमाल बांधलेली एक मुलगी त्यांच्यातून वाट काढत होती आणि बाकीचे पस्तीस जण तिला फ्रेंचमध्ये ओरडून रस्ता सांगत होते. "आ गोश!" म्हणजे डावीकडे. "तू द्र्वा!" म्हणजे सरळ. फ्रेंचच्या बाई टेबलाशी उभ्या होत्या. कुणाचा उच्चार चुकला की त्या डस्टर एकदा आपटत, म्हणजे तो शब्द पुन्हा म्हणायचा. बरोबर आला की दोनदा आपटत. स्वतः अवाक्षर काढत नव्हत्या. उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं, त्यात त्यांचा आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली होती. ती पहिल्या बाकाच्या पलीकडे पोचत नसे.

रुमालवाली मुलगी नेमकी मुख्याध्यापिकांवर जाऊन आदळली.

"अगं ए, काय हा गोंधळ!"

"बाद!" वर्ग एका सुरात ओरडला.

"मॅडम, 'बाद' सोडून आपल्या भाषेत काहीही बोललं की भिंतीला उभं राहायचं असतं," मुलीने समजावून सांगितलं, आणि जीभ चावली. तीही बाद झाली होती. रुमाल सोडून ती मुकाट्याने भिंतीला जाऊन उभी राहिली.

"मी तपासणीला आलेय!"

"बाद! बाद!"

मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सावरून घ्यायला हवं होतं. त्यांनी खडू उचलला आणि त्याने मुख्याध्यापिकांना भिंत दाखवली.

मधल्या सुट्टीत बाईंना ऑफिसात बोलावणं आलं.

"चाळीस मिनिटांत तुमच्या तोंडून एक शब्द नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "'शिक्षकाचे उच्चार' या रकान्यात मी काय लिहू, सांगा ना. हे घ्या, लायब्ररीचं बदलीपत्र. पगार तोच, डोक्याला ताप नाही. तोंडी तासाला आपण रेकॉर्डिंग लावू."

घरी बाईंच्या नवऱ्याचंही ऑपरेशनपासून हेच टुमणं होतं: "अगं, घे की लायब्ररी. जिवाला किती छळशील?"

कुजबुज ऐकू जावी म्हणून बाई टेबलावर वाकल्या. "गेल्या वर्षी आवाज होता, तेव्हा चाळीस मिनिटं मीच बोलायचे. मुलं वहीत उतरवून घ्यायची. तोंडी परीक्षेत अर्ध्या वर्गाची दातखीळ बसली. त्या रकान्यात तुम्ही 'उत्तम' लिहिलं होतंत."

"म्हणून मुलांसमोर मला भिंतीला उभं करायचं?"

"नियम सगळ्यांना एकच. आणि तुम्ही कुठे उभ्या राहिलात, मॅडम? ती मुलगी राहिली."

मुख्याध्यापिकांनी पेन पुढे सरकवलं. "सही करताय की नाही?"

बाईंनी सहीच्या जागी 'अमान्य' लिहिलं आणि खाली तारीख घातली.

"लायब्ररीत 'शांत बसा' म्हणायला आवाज लागतो," त्या म्हणाल्या. "तिथे दुसरं कुणी बघा."

कागद तसाच संस्थेच्या कार्यालयात गेला. शनिवारी दुपारपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं. सोमवारी नवीन वेळापत्रक लागलं. आठवीचा तिसरा तास फ्रेंचचा होता. बाकी शिक्षकांची नावं शाईने लिहिलेली होती, बाईंचं पेन्सिलीने. तिसऱ्या तासाची घंटा झाली आणि पाठोपाठ बाकं सरकवल्याचा आवाज खालच्या मजल्यावर, मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात ऐकू आला.