दर मिनिटाला चुकलेला पासवर्ड

पासवर्डचे नियम कडक केले की सगळ्यांचंच भलं होईल, असं तनुजाला वाटलं होतं. कारखान्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर तिची कंपनी बनवायची, आणि लोक पासवर्ड ठेवायचे तरी काय, तर पोरांची नावं. लेक रेवाच्या डब्याचं झाकण दोनदा तपासणारी ही बाई; तिला ते बघवेना. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, पाच वेळा चुकला की खातं बंद, असा नियम तिनं आणला.

वाळूजच्या एका कारखान्यात सर्व्हरचं काम रत्नमालाबाई बघायच्या. होत्या कंत्राटावर, पण नियम म्हटला की पाळणार. प्रत्येक सर्व्हरवर एजंट, म्हणजे त्याची तब्येत कळवत राहणारा छोटा प्रोग्राम, त्यांनीच बसवला होता. बसवताना तो नाव-पासवर्ड मागायचा. माझाच देऊ का, असं त्यांनी तनुजाला फोन करून विचारलंही होतं. रेवाला पाळणाघरातून आणायची वेळ झालेली. तनुजा चपला घालता घालता म्हणाली, द्या की, चालतं.

महिना भरला. बाईंनी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला. एजंटांना ते सांगणार कोण? ते जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहिले आणि बाईंचं खातं बंद पडलं. धोक्याचे इशारे यायचे तेही त्याच खात्यावर. नेमका त्या दुपारी सर्व्हरच्या खोलीतला एसी बिघडला, सर्व्हर तापून बंद पडले आणि कुणाला पत्ता नाही. मालाच्या गाड्या दिवसभर गेटवर उभ्या.

बैठकीत कारखान्याच्या सांडूसाहेबांनी नोंदी पडद्यावर लावल्या. चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, दर मिनिटाला, सगळं रत्नमालाबाईंच्या नावावर.

“बाई, झोपेत टायपिंग करत होता का?” साहेब म्हणाले. दोघं-तिघं हसले. बाई म्हणाल्या, मी एकदाच टाकला, तोही बरोबर.

तनुजाला बघताक्षणी कळलं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा न थांबता चुकत राहील असा माणूस नसतो. पण शेजारी तिचे मालक काकासाहेब बसले होते. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली. मागच्याच महिन्यात त्यांनी माणसं कमी केली होती. “तपासून सांगते,” एवढं म्हणून तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

तपासायचं काही नव्हतंच. तिनं मुकाट्यानं एजंट बसवायची पद्धत बदलली. आता तो माणसाचा पासवर्ड मागत नाही, त्याला स्वतःची वेगळी चावी मिळते; इशारेही एकाऐवजी दोन माणसांना जातात. काकासाहेबांनी शाबासकी दिली. तोवर कारखान्यानं रत्नमालाबाईंना काढून टाकलं होतं.

राहवेना, तेव्हा तिनं काकासाहेबांना न विचारता सांडूसाहेबांना सगळं खरं मेलवर लिहिलं. मग बाईंना फोन लावला. त्या आता शहागंजात भावजयीच्या कापडाच्या दुकानात बसायच्या. मागं गिऱ्हाइकांचा कालवा. तनुजानं सगळं उलगडून सांगितलं. तुमची काहीच चूक नव्हती, ताई, म्हणाली.

“ते मला ठावंच होतं, मॅडम. तुम्हाला कधी कळलं?”

“बैठकीतच.”

पलीकडं कुणीतरी टर्रकन कापड फाडलं.

“मी तुमच्याकडंच बघत होते तवा. म्हटलं, ह्या बोलतील.”

मेल पाठवलीय, ते परत बोलावतील, असं काहीतरी तनुजा पुटपुटली.

“जागा भरली ना आता. नवी पोरगी बसवलीय. लई घाबरत घाबरत मलाच फोन करते, हे कसं करू, ते कसं करू,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “तिला तरी नीट सांगत जा.”