कोपऱ्यापर्यंतचा टेच

माझ्या चपलांच्या दुकानासमोर शिंपी मास्तरांचं दुकान. मास्तरांना मापं कळत, टेच कळत नसे. ते खातं वहिनींकडे. कोट अंगात नीट बसला तर ते शिंप्याचं कसब. तो घालून माणूस आरशापुढून निघून जातो आणि उगाच मागे येतो, तो टेच, असं वहिनी सांगत. शिवून झालेला प्रत्येक कोट त्या स्वतः चढवत आणि बाह्या लोंबत असल्या तरी एक हात खिशात घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येत. रस्त्यात माना वळल्या तर कोट पास. नाही वळल्या तर, "उसवा!" मास्तर चिडायचे आणि उसवायचे.

वहिनी गेल्या. मग मास्तरांनी दार अर्धं लोटून घेतलं आणि नुसते पडदे, उशांचे अभ्रे शिवले. पडद्याला टेच लागत नाही.

एक दिवस बँडमधला म्हातारा ट्रंपेटवाला येऊन बसला. "रविवारी शेवटचं वाजवणार. कोट हवाय."

"शिवीन. पण टेचाचं काही बोलू नकोस."

"मग पडदाच गुंडाळून जातो की!"

शनिवारी संध्याकाळी कोट तयार झाला. मास्तरांनी तो घालून आरशात पाहिलं. आरसा 'उसवा' म्हणेना, 'पास'ही म्हणेना. शेवटी एक हात खिशात घालून ते रस्त्यावर उतरले. किती दिवसांनी! न्हाव्याचा वस्तरा थांबला, फळवाली मावशी तराजू विसरली, मी चष्मा वर केला. झाडून सगळ्या माना वळल्या.

मास्तर तोंड पाडून माझ्याकडे आले. "हे कोटाला बघत होते की मला?"

मी जोड्या लावत राहिलो.

"वजाबाकी करायला हवी," ते म्हणाले. कोट टांगला आणि नुसत्या सदऱ्यावर पुन्हा निघाले.

"कोणी वर बघाल तर खबरदार," मावशी दातांतल्या दातांत म्हणाली. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या मानेत डोळे खुपसले. मी एकच चप्पल पुसत बसलो. मास्तर कोपऱ्यापर्यंत गेले, जरा थांबले, परत आले. साऱ्या रस्त्यात त्यांच्याच चपलांचा आवाज.

रविवारी ट्रंपेटवाल्याने विचारलं, "काय मास्तर, आहे का टेच?"

"पास!" मास्तर हसले. "माना कोटासाठीच वळल्या. मला कोण बघतंय?"

तो झोकात निघाला. मास्तर दारात उभे राहिले, मग आत गेले.

आम्ही सगळे मास्तरांनाच बघत होतो. पण आता ते सांगायची सोय राहिली नव्हती.