हातभर भोक

"भोक मोठं करू नको हां हरीभाऊ," सदू दारातूनच म्हणाला. "माणूस निसटेलसं वाटता कामा नये."

"फोटोत हाय तेवढंच करतंय," हरिश्चंद्र मान वर न करता म्हणाला.

गोदीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून तो भाट्ये गावातल्या घरी हेच करत आला होता. मुंबईचे शौकीन प्लास्टिकच्या लढाऊ बोटी आणि रणगाडे पाठवत. ते जोडायचे, रंगवायचे आणि मग गोळा लागल्यासारखे फोडायचे. त्यांना भगदाड मोठं लागे आणि गंज भरपूर. गंजासाठी तो जांभ्याची पूड वापरी. अलीकडे त्याला याचा वीट आला होता.

आजची बोट सदूने सांगितलेली, साधी मालवाहू होती, दोन वितींची. सदूचा मुलगा स्वरूप अशाच बोटीवर इंजिन खात्यात होता. आखातात मिसाइल लागलं, आत आग पेटली, देह मिळाला नाही. वर्ष होत आलं तरी त्याची आई सखू क्रिया करू देत नव्हती. देहाच्या जागी दर्भाचा पुतळा करून जाळायचा विषय निघाला की उठून जाई. लहानपणापासून खाडी पोहून जाणारा पोर. भोकातून उडी टाकली असेल, कुठेतरी लागला असेल किनाऱ्याला, असं तिचं म्हणणं.

हरिश्चंद्रने बोटीची कूस आतून ब्लेडने खरवडून पत्र्यासारखी पातळ केली होती. तापवलेली सुई त्याने बाहेरून टेकवली. कडा वितळून आत वळल्या. वरच्या अंगाला काजळी फासली. गंज लावला नाही. समोर ठेवलेला त्या बोटीचा फोटो हल्ल्याच्या दिवशीचाच होता, गंज चढायच्या आधीचा.

सदूने बोलावून आणलेली सखू बाजारातून तशीच आली. मासळीची रिकामी पाटी दाराशी ठेवून तिने हात धुतले.

"भावोजी, ह्यात माणूस केवढा?"

हरिश्चंद्रच्या बायकोने, कमळाने, आतून उकड्या तांदळाचा एक दाणा आणला. "उभा माणूस एवढा गो, सखू."

सखूने दाणा चिमटीत धरून भोकाला लावला. जाईना. टोक फिरवून पाहिलं. सदू अंगणाकडे बघत राहिला.

"कडा आत वळल्यात."

"मार बाहेरून बसला की आतच वळतात, वहिनी."

"जरा मोठं करा ना."

सुई अजून गरम होती. एकदा टोचली की दाणा आत गेला असता. हरिश्चंद्रने ती उचलली, मग पाण्याच्या वाटीत टाकली. चर्र झालं.

"नाय होत, वहिनी. तिथं हातभरच भोक होतं."

सखूने दाणा भोकापासून बाजूला घेतला. मग म्हणाली, "खांद्यात रुंद होता तो. शर्ट शिवून घ्यायला लागायचे." तिने दाणा कमळाच्या तळहातावर ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "भटजीना निरोप द्या."

सदूने पायात चपला अडकवल्या.

"भावोजी, आता हे बुजवून द्या. तो चढला तेव्हा होती तशी बोट पायजे मला."

फोडलेलं बुजवायला त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याने काजळी पुसली, भोकात पुट्टी भरली, बोटाने सारखी केली.

"सुकायला वेळ लागेल. उद्या घरी आणून देतंय."

"असू दे. बसते मी."

ती भिंतीला टेकून बसली. बोट मांडीवर घेतली आणि पदराच्या टोकाने त्या ओल्या जागेवर हळूहळू वारा घालू लागली.