पंच्याहत्तर किलोमीटर, सहा लिटर

बाळांनो, जरा डोळे मिटा. असं समजा, की तुमच्या डाव्या तळपायाखाली रबराचा एक चौकोनी तुकडा आहे. चार खोडरबरं शेजारी शेजारी ठेवावीत एवढा. त्यावर आडव्या रेघा आहेत, मधल्या झिजून गुळगुळीत झालेल्या, कडेच्या अजून खरखरीत... लागतायत ना पायाला? आता असं समजा, की तो तुकडा तिथेच आहे, तुमचा पायही तिथेच आहे, आणि तरी काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, गार नाही, गरम नाही. पाय त्याच्यावर आहे की नाही, हे खाली वाकून बघावं लागतं.

काशिरामने खाली वाकून बघितलं. पाय क्लचवर नव्हता. मागे, सीटच्या बुडाशी, जिथे त्याने ठेवला होता तिथेच होता — दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा, शहाण्यासारखा बसलेला.

"आजा, मीटर शून्य केलं," शेजारच्या सीटवरून रिया म्हणाली. त्याची नात, अकरा वर्षांची, सहावीतली. रविवार होता म्हणून बरोबर आली होती, आणि हातात पेन आणि भूगोलाच्या वहीचं मागचं पान होतं, कारण आज गाडीचं ॲव्हरेज काढायचं होतं.

ते कसं काढतात, ते काशिरामने तिला पनवेलच्या पंपावर टाकी भरताना समजावून सांगितलं होतं. टाकी काठोकाठ भरायची, पण मशीन पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, आणखी दाबून भरायचं नाही. मग गाडी फिरवायची. परत येऊन त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तसंच भरायचं. जेवढं डिझेल आत जाईल तेवढंच आपण जाळलं. किलोमीटरला लिटरने भागायचं.

"पण पुस्तकात सतरा लिहिलंय," रिया म्हणाली होती.

"पुस्तकातली गाडी रिकामी असते, बाय. तिला बरफ नसतो, मावरा नसतो, पुढं ट्रेलर नसतो. सतरा तिचं. आपली तेरा देते." मग जरा थांबून, "द्यायची."

कारण दिवाळीपासून ती साडेनऊ देत होती.

पिकअप शैलेशने घेतली होती, रियाच्या बापाने. तो द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर होता, आणि पिकअप चालवायचा काशिराम: पनवेलहून करंजा बंदर, तिथून मावऱ्याचे, म्हणजे मासळीचे, क्रेट भरून परत पनवेलच्या बाजारात, बायकोच्या, शांतीच्या, पाटापर्यंत. आठवड्यापूर्वी जेवताना शैलेश म्हणाला होता, "बाबा, गाडी लय पितेय. गाडीत फॉल्ट असला तर करून घेऊ. आणि गाडीत नसला तर..." आणि त्याने पुढचं वाक्य भाकरीच्या तुकड्याबरोबर तोंडात घातलं होतं. पण गाडीत नसला तर कुणात, हे ताटांवर बसलेल्या चौघांनाही कळलं होतं, आणि त्यानंतर चावी कुणाकडे जाईल हेही. बंदरावरून काशिरामला काढलं, तर त्याला दिवसभर कुठे बसायचं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. या सगळ्याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने वाट पाहिली. वाटलं नाही. आमटी गार झाली तेवढी दिसली.

गव्हाणफाट्याच्या पुढे रस्ता सरळ झाला तसं त्याने पुन्हा खाली बघितलं. पाय मागेच होता.

कोनला महादेव मिस्त्रीकडे गाडी नेली होती. त्याने एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, चाकांची हवा तपासली, आणि शेवटी बोटं पुसत सहज विचारलं, "काका, क्लचवर पाय ठेवून चालवता काय?"

"मी? अरे, तू चड्डीत मुतायचास तवापासून गाडी चालवतो मी."

"म्हनून तर इचारलं. नव्या पोरांना इचारत नाय, ती ठेवतातच." महादेव हसला होता. "पाय नुसता टेकला ना, तरी क्लच सरकतो. इंजिन बोंबलतं, चाकाला पोचत नाय. डिझेल जातं फुकट."

काशिराम रागाने निघाला होता. आणि पळस्प्याच्या सिग्नलला, थांबलेलं असताना, सहज, काहीच मनात नसताना खाली बघितलं तर... पाय क्लचवर होता. मला न विचारता, मला न सांगता तिथे जाऊन बसला होता, किती वेळापासून कुणास ठाऊक, कदाचित दिवाळीपासून.

काशिराम गाडी अनवाणी चालवायचा. चपला काढूनच आत चढायचं, गाडी लक्ष्मी असते, ही सगळ्या बंदरावरची रीत, आणि त्याला ती रीत म्हणून कधी पाळावीच लागली नव्हती. पायाला गाडी कळायची. ब्रेकचं तेल उतरलंय, चौथा गिअर नको म्हणतोय, मागच्या चाकाखाली वाळू आहे — सगळं तळव्यातून वर यायचं. मग दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. पायांना मुंग्या यायच्या, रात्र रात्र यायच्या, आणि मागच्या पावसाळ्यात त्या थांबल्या, तेव्हा त्याने शांतीला सांगितलं होतं, बरं झालं, गेल्या एकदाच्या. डॉक्टरला सांगितलंच नाही. बऱ्या झालेल्या गोष्टीचं काय सांगायचं? दिवाळीनंतर शांतीने त्याच्या टाचेवर रुपयाएवढा फोड बघितला, इंजिनच्या तापलेल्या पत्र्याने आलेला. "अवो, ह्यो कवा आला?" तो म्हणाला, आला असेल. फोडाला हात लावून पाहिला. हाताला गरम लागला. पायाला नाही.

"आजा, खाली काय बघतस सारखा?"

"काय नाय. पायपुसणं सरकलंय."

लहान होतो तेव्हा बाप, बुधाजी, मला खाडीत खुबे काढायला न्यायचा. ओहोटीला गुडघाभर चिखल, वर गढूळ पाणी, त्यात काय दिसणार... मी वाकून वाकून बघायचो आणि बाप पाठीत धपाटा घालायचा. "डोल्यानी नको बगूस. पायानी बग." मग मी मान वर करायचो, समोरच्या तिवरांकडे बघत हळूहळू चालायचो, आणि चिखलात तळव्याला खुबा लागायचा, गोल, टणक, एका बाजूने जरा धारदार. मोठा की बारका, जिवंत की नुसतं शिंपलं, पायच सांगायचा. त्या खाडीवर आता भराव आहे. त्या भरावावरून रस्ता जातो, मी रोज त्यावरून जातो. आणि आता मी डोळ्यांनी पाय बघतो.

जाताना गाडी रिकामी होती. बंदरावर बर्फ आणि मासळी भरली, बारा क्रेट, कोलंबी वरती. रियाने वहीत लिहिलं, 'अर्धं अंतर झालं', आणि त्याखाली रेघ मारली. काशिराम चपला काढून चढला, डावा पाय हाताने उचलून मागे ठेवला — पँट सावरतोय असं दाखवत — आणि गाडी सुरू केली.

परतताना द्रोणागिरीच्या वळणावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग होती. सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. अशा रांगेतच डिझेल जातं आणि अशा रांगेतच पाय हळूच क्लचकडे जातो, हे त्याला आता माहीत होतं. म्हणून तो बघत होता. गिअर टाकला, क्लच सोडला, बघितलं. पाय मागे. पुढे सरकला, बघितलं. पाय मागे. किती शहाणा पाय, याला आज शाबासकीच द्यायला हवी, असं काहीतरी मनात आलं आणि तेवढ्यात —

"आजा! ट्रेलर!"

वर बघितलं तर लाल दरवाजे होते. काचेत नुसता लाल रंग. त्याने उजवा पाय ब्रेकवर दाबला, आणि इंजिन ओरडलं. म्हणजे तो ब्रेक नव्हता. हाताने हँडब्रेक खेचला, दोन्ही हातांनी, मागचं सगळं ओझं धडधडत पुढे आलं, आणि गाडी तिरकी होऊन थांबली. लाल दरवाजा आणि रियाच्या बाजूची काच यांच्यात एक वीत अंतर होतं. दरवाजावरच्या कुलुपाचं सील दिसत होतं, त्यावरचे आकडेसुद्धा वाचता येत होते. त्याने ते वाचले.

मागून हॉर्न वाजले. रियाने पेन घट्ट धरलं होतं. काशिरामने स्वतःच्या छातीकडे लक्ष देऊन पाहिलं. तिथे धडधड व्हायला हवी होती. पण पुढे रांग सरकली, एवढंच कळलं. त्याने गाडी सरळ केली, पहिला टाकला.

"लागलं काय ग?"

"नाय."

पनवेलच्या बाजारात शांतीने ताडपत्री उचलली आणि कमरेवर हात ठेवला. "आता ग बया! कोलंबी सगली एका बाजूला! गाडी हाकलवलीस का नाचवलीस?"

"खड्डा होता," काशिराम म्हणाला.

"एवडा मोठा? मग त्यात उतरून पोहून आलास काय?" ती क्रेट ओढता ओढता म्हणाली. "काय ग रिया, कुठं होता खड्डा?"

रियाने आज्याकडे बघितलं. मग बर्फाकडे बघितलं. "होता," ती म्हणाली.

बारकी मुलं खोटं बोलताना नजर चुकवतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण ही पोर आयुष्यातलं पहिलं खोटं माझ्यासाठी बोलली, आणि मी तिथे उभा राहून क्रेट मोजत होतो. बारा. बरोबर होते.

पंपावर तेच मशीन मिळालं. नोझल टाकीत गेलं, काटकन बंद पडलं, पोऱ्याने आणखी दाबायला हात नेला तशी रियाच ओरडली, "बस, बस!" आकडा सहा लिटर आणि पॉइंटनंतर शून्य दोन. मीटरवर पंच्याहत्तर. त्याने गाडी हवा भरायच्या जागेपाशी, सावलीत घेतली, आणि ती भागाकार करत बसली. शून्य दोन तिने सोडून दिलं. काशिरामने भागाकार मनात कधीच केला होता, पण तो गप्प राहिला. मुलांचं उत्तर त्यांच्या आधी सांगायचं नसतं.

"साडेबारा," ती म्हणाली.

साडेबारा. ओझं, रांग, सगळं धरून साडेबारा. म्हणजे गाडी बरी होती. नवी असताना द्यायची तेवढं जवळजवळ देत होती. शैलेश खूश होईल, म्हणेल फिल्टरचाच प्रॉब्लेम होता, चावी खिळ्याला लटकत राहील, आणि उद्या, परवा, पुढच्या रविवारी... पाय मागे ठेवला की गाडी साडेबारा देते. आणि पाय मागे ठेवायचा तर तो बघत राहावं लागतं. सरळ हिशेब होता, सहावीतल्या मुलीलाही जमेल असा.

"बघ," तो म्हणाला, "झाली का नाय गाडी बरी? बापाला सांग तुझ्या."

रिया वहीतल्या आकड्याकडे बघत होती. "आजा, पाय वर घे."

"काय?"

"सीटवर घे. हा. आता डोले मीट. मी पेनानं टेकवणार, तू सांगायचं कुठं."

त्याने हसून पाय वर घेतला. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे तांबूस उजेड होता आणि दूर कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"सांग."

"अंगठ्याला."

"आता?"

"टाचेला."

"आता?"

अभ्यास न केलेलं पोर बाईंच्या तोंडाकडे बघत उत्तर देतं ना, तसं... पण इथे तोंडही दिसत नव्हतं. "मधी," तो म्हणाला. "मधी कुठंतरी." ती काही बोलली नाही. "बरोबर का?"

त्याने डोळे उघडले. रियाचे दोन्ही हात मांडीवर होते. पेन वहीत अडकवलेलं होतं, वही डॅशबोर्डवर होती. तिने ते केव्हा ठेवलं, की पहिल्यापासून टेकवलंच नव्हतं, हे मला कळायचा काही मार्ग नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती, बघत होती. माझ्या पायाकडे नाही. माझ्याकडे.

आणि तेव्हा, पंपाच्या सावलीत, गाडी बंद असताना, समोर कुठलाही ट्रेलर नसताना, ती धडधड आली. मागे द्रोणागिरीला यायला हवी होती ती. आधी बरगड्यांत, मग हातांत. स्टिअरिंग धरून ठेवावं लागलं. लाल दरवाजा, एक वीत, काच, आणि काचेपाशी ही. एवढीशी. दात एकावर एक आपटत होते. किती महिन्यांनी मला काही लागत होतं, आणि लागत होतं ते हे.

"आजा," रिया म्हणाली. मग तिने सीटवरून माझा फोन उचलला, तिच्या बापाचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली. मला वाटलं, ती आता सगळं सांगेल. पण तिने फोन कानाला लावला नाही. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्यापुढे केला.